एकटीनं, मोटरसायकलवर, नेपाळ: सोनौलीपासून मुक्तिनाथपर्यंत पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

परदेशात एकट्यानं मोटरसायकल चालवायची ही पहिलीच वेळ असेल, तर नेपाळला जा. व्हिसा लागत नाही, आपलं लायसन्स चालतं, आपलीच गाडी नेता येते, वाहतूक डावीकडूनच आहे आणि पाट्या देवनागरीत आहेत. पण पाटी वाचता आली म्हणजे कळली असं नाही. ‘अगाडि पहिरो क्षेत्र छ’ हे मी अडखळत नाही तर फाडफाड वाचलं होतं आणि तशीच पुढं गेले होते. पहिरो म्हणजे दरड. पुढं दरडींचा पट्टा आहे, असं ती पाटी सांगत होती.

मी आतापर्यंत तीनदा एकटीनं गेले आहे, तिन्ही वेळा सोनौलीच्या सीमानाक्यावरून आत शिरून. या लेखात तोच रस्ता धरला आहे: सोनौली, बुटवल, तानसेन, पोखरा, बेनी, जोमसोम, मुक्तिनाथ.

आधी एक गोष्ट, जी बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाची वाटते. चार जण मिळून जातो तेव्हा कुणीतरी एक जण कंटाळतो, त्याला भूक लागते, तो म्हणतो, ‘बास, आता थांबू या.’ सगळे त्याच्यावर वैतागतात आणि त्याच्यामुळेच सुखरूप घरी येतात. एकट्याच्या प्रवासात तो माणूस नसतो. त्याचं काम आपल्यालाच करायचं असतं, आणि ते रस्त्यावर, थकलेल्या डोक्यानं जमत नाही. कुठं, कधी आणि काय दिसलं की थांबायचं हे घरी बसून, शांतपणे ठरवायचं. मी ते पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिहून, प्लॅस्टिकमध्ये घालून पेट्रोलच्या टाकीवर चिकटवते. पुढं ‘कार्ड’ म्हणेन ते हे.

कधी जायचं

ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरअखेर, नाहीतर मार्च-एप्रिल. पहिल्या खेपेला तिसरा पर्याय शोधू नका.

पावसाळ्यात रस्ते ओले असतात एवढाच प्रश्न नाही, डोंगर खाली येतात. १२ जुलै २०२४ रोजी पहाटे चितवनमधल्या सिमलतालला दरडीनं दोन प्रवासी बस एकाच वेळी त्रिशूली नदीत ढकलल्या. आणि पावसाळा कॅलेंडर पाहून जात नाही. त्याच वर्षी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात काठमांडूच्या आसपास महापूर आला आणि जपानच्या मदतीनं बांधलेला देखणा बी.पी. महामार्ग जागोजागी वाहून गेला. म्हणून ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा मी सोडून देते. दसैं म्हणजे त्यांचा दसरा, तोही बहुधा त्याच सुमाराला येतो. तेव्हा गॅरेजवाला गावी गेलेला असतो आणि बसगाड्या खच्चून भरून वेगानं पळत असतात.

कागदपत्रं

इथं घाई करू नका. सीमेवर जे अडकतात ते बहुतेक कागदांमुळे अडकतात.

ओळखीसाठी पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र ठेवा. आधार कार्डावर विसंबू नका. गाडीचं आरसी कार्ड, लायसन्स, पीयूसी आणि विमा हे सगळं मूळ स्वरूपात हवं. मोबाईलमधली प्रत आपल्याकडं चालते, पलीकडचा अधिकारी ती मान्य करायला बांधील नाही. प्रत्येकाच्या चार-चार झेरॉक्स आणि पासपोर्ट आकाराचे सहा फोटो घ्या. झेरॉक्सचा एक संच बॅगेत नाही, अंगावर ठेवा.

गाडी स्वतःच्या नावावर असावी. भावाची, मित्राची असेल तर त्याचं अधिकारपत्र करून घ्या. बायकांसाठी खास सांगते: लग्नानंतर नाव बदललं असेल तर आरसी, लायसन्स आणि ओळखपत्र या तिन्हींवर एकच नाव आहे का ते महिनाभर आधी पाहा. पहिल्या खेपेला माझं आरसी माहेरच्या नावावर होतं आणि मतदार ओळखपत्र सासरच्या. विवाह नोंदणीचा दाखला सोबत होता म्हणून सुटले, पण खिडकीसमोर पाऊण तास गेला.

आता विमा. आपल्या गाडीचा नेहमीचा विमा सीमेपलीकडं लागू नसतो, हे बहुतेकांना माहीतच नसतं. विमा कंपनीकडं भौगोलिक क्षेत्र वाढवून मागायचं असतं. कंपनीच्या भाषेत ते ‘आयएमटी १’ कलम. थोडा जादा हप्ता भरला की पॉलिसीला पुरवणी जोडून मिळते, त्यात नेपाळचं नाव लिहिलेलं असतं. फोनवर ‘होऊन जाईल मॅडम’ ऐकून समाधान मानू नका, पुरवणीचा कागद हातात घ्या. स्वतःचा प्रवास विमा वेगळा काढा, आणि त्यात दुचाकी चालवताना झालेला अपघात आणि हेलिकॉप्टरनं खाली आणण्याचा खर्च धरला आहे का, ही दोन वाक्यं शोधून वाचा.

गाडी आणि सामान

नवी गाडी घेऊन जायची गरज नाही. दीडशे सीसीची, तुमच्या सवयीची, नीट राखलेली गाडी पुरते. नेपाळच्या रस्त्यांवर भारतीय कंपन्यांच्याच गाड्या जास्त दिसतात, त्यामुळे बुटवल, पोखरा अशा शहरांत सुटे भाग आणि मिस्त्री दोन्ही मिळतात. पोखऱ्याच्या वर मात्र आपलं आपण.

निघण्याआधी सर्व्हिसिंग करून घ्या, पण आदल्या दिवशी नाही. सर्व्हिसिंगनंतर निदान दोनशे किलोमीटर चालवा, कारण सैल राहिलेला नट तेवढ्यात समजतो. पुढच्या-मागच्या ब्रेकचे पॅड नवे टाका, कारण उतारांवर ते झपाट्यानं खातात. सोबत क्लच आणि ॲक्सिलरेटरची केबल, स्पार्क प्लग, ब्रेक आणि क्लचची एकेक लिव्हर, चेनचं लॉक, पंक्चरचं सामान आणि हवा भरायचा पंप घ्या. पंक्चर काढायला अंगणात एकदा स्वतःच्या हातानं शिका. दुसरी किल्ली बॅगेत नको, गळ्यात किंवा आतल्या खिशात.

सामान बांधून झालं की भरलेली गाडी मोकळ्या मैदानात आडवी पाडा आणि एकटीनं उचलून बघा. उचलली गेली नाही तर सामान कमी करा. कपड्यांचे तीन जोड पुरतात. पावसाचा कोट, आतले गरम कपडे आणि हातमोज्यांचा दुसरा जोड मात्र कमी करू नका.

सीमेपर्यंत गाडी चालवत नेलीच पाहिजे असं नाही. रेल्वेनं गोरखपूरपर्यंत पाठवता येते. आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती लागतात, टाकी पूर्ण रिकामी करावी लागते आणि पॅकिंग करून घ्यावं लागतं. गोरखपूरहून सोनौली साधारण शंभर किलोमीटर. सुट्टी मोजकी असेल तर हेच करा, अंगातली ताकद डोंगरासाठी राहू द्या.

सीमा ओलांडायचा दिवस

आदल्या रात्री सीमेजवळ मुक्काम करा आणि सकाळी लवकर रांगेत लागा. तो दिवस शनिवार नसावा, नेपाळमध्ये साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते.

कमानीतून पलीकडं गेलं की कुणी अडवत नाही. गर्दीच्या ओघात सरळ भैरहव्यापर्यंत जाता येतं, आणि नवखा माणूस तिथंच फसतो. भन्सार न करता पुढं नेलेली गाडी बेकायदा ठरते आणि ते कळतं पुढच्या तपासणी नाक्यावर. भन्सार म्हणजे जकात. कमान ओलांडली की गाडी बाजूला लावा आणि भन्सार कार्यालय विचारा. आरसी, लायसन्स, ओळखपत्र दाखवायचं, अर्ज भरायचा, दिवसांच्या हिशेबानं पैसे भरायचे आणि पावती घ्यायची. वाहतुकीचा वेगळा परवाना लागतो का, हेही त्याच खिडकीवर विचारून घ्या. ‘मी करून देतो’ म्हणणारे मागं लागतील. नम्रपणे नको म्हणा, काम अवघड नाही.

भारतीय गाडीला त्यांच्या एका आर्थिक वर्षात एकूण ३० दिवस मिळतात, आणि ते वर्ष जुलैच्या मध्याला सुरू होतं. पुरे तीस दिवस मागायचे नाहीत, पण बेतापेक्षा दोन दिवस जास्त मागायचे. दरड पडून रस्ता बंद झाला तर ते दोन दिवस उपयोगी येतात. मुदत संपल्यावर रोजचा दंड लागतो.

पावती हातात आली की तिथून हलण्याआधी तारीख बघा. ती विक्रम संवतात असते. २०२५ च्या एप्रिलच्या मध्याला त्यांचं २०८२ साल लागलं. महिन्यांची नावं आपल्यासारखीच, पण महिने सौर असल्यानं आपल्या पंचांगाशी जुळत नाहीत. माझ्या पावतीवर ‘कात्तिक २०’ होतं. मी मनात आपला कार्तिक धरून दिवाळीनंतरचे दिवस मोजत बसले, आणि खरी तारीख होती साधारण ६ नोव्हेंबर. खिडकीतल्या दाइंना (दाइ म्हणजे दादा) विनंती केली तेव्हा त्यांनी पेन्सिलनं शेजारी इंग्रजी तारीख लिहून दिली. तुम्हीही मागा. ती तारीख कार्डावर पहिल्या ओळीत लिहा. पावतीचा फोटो घरी पाठवा आणि मूळ पावती पाण्यात भिजणार नाही अशा पिशवीत ठेवा, ती वाटेत अनेकदा दाखवावी लागते.

आणि घड्याळ पंधरा मिनिटं पुढं करा.

पैसे आणि फोन

शंभर भारतीय रुपये म्हणजे १६० नेपाळी रुपये. हा दर १९९३ पासून बांधलेला आहे, त्यामुळे घासाघीस करण्यासारखं काही नाही. किंमत विचारली की लगेच पुढचा प्रश्न विचारा, ‘आयसी की एनसी?’ म्हणजे भारतीय रुपये की नेपाळी. हे न विचारल्यामुळे होणारी भांडणं मी पाहिली आहेत आणि त्यात दोन्ही माणसं खरी असतात.

भारतीय शंभराची नोट तराईत, म्हणजे सीमेलगतच्या सपाट भागात, सहज घेतात. मोठ्या नोटांचे नियम बदलत आले आहेत, म्हणून शंभराच्या नोटा न्या आणि सीमेवरच नेपाळी रुपये करून घ्या. मार्च २०२४ पासून आपलं यूपीआय तिथल्या फोनपे (Fonepay, आपलं PhonePe नव्हे) क्यूआरवर चालायला लागलं, शहरात त्याची सोय होते. डोंगरात मात्र रोखच. सिमकार्ड नेपाळ टेलिकॉम किंवा एनसेलचं. ओळखपत्र आणि फोटो द्यावा लागतो, अर्ध्या तासाचं काम. नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा.

कार्डाच्या मागच्या बाजूला हे आकडे लिहा: पोलीस १००, रुग्णवाहिका १०२, वाहतूक पोलीस १०३, पर्यटक पोलीस ११४४.

बुटवल ते पोखरा

सोनौली ते पोखरा हा सिद्धार्थ राजमार्ग १८१ किलोमीटरचा. नकाशा म्हणतो एका दिवसात होईल. होतोही. पण तुम्ही सकाळ भन्सारच्या खिडकीवर घालवली आहे, म्हणून पहिल्या दिवशी तानसेनलाच थांबा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये साडेपाचला अंधारायला लागतं आणि डोंगराच्या सावलीत त्याही आधी. माझ्या कार्डावरची दुसरी ओळ आहे: ‘दुपारी ३ ला जिथं असू, तिथून पुढचं पहिलं गाव म्हणजे मुक्काम.’ तीन वाजता अंगात अजून ताकद असते, म्हणूनच ही ओळ लिहून ठेवावी लागते.

बुटवल सोडलं की लगेच सिद्धबाबाचा टप्पा येतो. एका बाजूला तिनाऊ नदी, दुसऱ्या बाजूला सुटा डोंगर. इथं दगड पाऊस नसतानाही पडतात, म्हणून तर तिथं संरक्षक बोगदा बांधायला घेतला. या टप्प्यात फोटोसाठी थांबू नका, हेल्मेटची पट्टी बांधलेली असू द्या, पुढच्या ट्रकच्या अगदी मागं राहू नका. काम चालू असलं की वाहतूक ठरावीक वेळी अडवतात. बुटवलला चहा घेतानाच विचारून घ्या: ‘दाइ, बाटो खुल्ला छ?’

एवढी नेपाळी पाठच करा. मोठ्या माणसाला दाइ, मोठ्या बाईला दिदी, धाकट्यांना भाइ आणि बहिनी. बाटो म्हणजे वाट, हिलो म्हणजे चिखल, उकालो चढ, ओरालो उतार, पसल दुकान. ‘बाटो कस्तो छ?’ म्हणजे रस्ता कसा आहे. आणि किती किलोमीटर असं कधीच विचारू नका. ‘मोटरसाइकलमा कति घण्टा लाग्छ?’ असं विचारा. डोंगरात अंतराला अर्थ नसतो, वेळेला असतो. तीन वेगवेगळ्या माणसांना विचारा आणि सगळ्यात मोठा आकडा खरा धरा.

वळणावर हॉर्न द्या, चढून येणाऱ्याला आधी जाऊ द्या, बसशी शर्यत लावू नका. दारू पिऊन गाडी चालवण्याबाबत पोलीस कडक आहेत, ‘मापसे’ म्हणजे मादक पदार्थ सेवनाची तपासणी कुठंही होते. पुढं कधी काठमांडूला गेलात तर लक्षात असू द्या, तिथं २०१७ पासून विनाकारण हॉर्न वाजवायला बंदी आहे.

तानसेनहून सकाळी निघालात की वालिङ, स्याङ्जा करत दुपारपर्यंत पोखरा.

पोखऱ्यात दोन रात्री

एक रात्र विश्रांतीची आणि एक कामाची. चेनला तेल, ब्रेक, टायरची हवा, सगळे नट तपासून घ्या. पर्यटन कार्यालयातून अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्राचा परवाना काढा, सार्क देशांच्या नागरिकांना तो कमी दरात मिळतो. कागबेनीच्या पुढं वरचा मुस्ताङ सुरू होतो, तो निर्बंधित प्रदेश आहे आणि त्याची परवानगी वेगळी, एजन्सीमार्फत काढावी लागते. पहिल्या खेपेला तिकडं वळू नका. निम्मं सामान हॉटेलात ठेवून जा. वर जाताना हलकं असणं हीच मोठी सोय.

काली गंडकीचं खोरं

पोखऱ्याहून बेनी ऐंशी किलोमीटर, तिथून जोमसोम आणखी पाऊणशे. बेनीत टाकी काठोकाठ भरा. पुढचा रस्ता दर वर्षी थोडा बदलतो. कुठं गुळगुळीत, कुठं गोटे, कुठं घोटाभर धूळ, कुठं रस्त्यावरूनच वाहणारा ओढा.

माझी विभागणी अशी: पहिली रात्र तातोपानी (१,१९० मीटर), दुसरी मार्फा किंवा जोमसोम (२,७०० च्या आसपास), तिसऱ्या दिवशी सकाळी मुक्तिनाथ (३,७०० च्या वर) आणि झोपायला पुन्हा खाली कागबेनीला (२,८००). पोखरा ८२० मीटरवर आहे. तिथून एका दिवसात मुक्तिनाथ गाठणारे लोक भेटतात, आणि रात्रभर डोकं धरून बसलेलेही तेच असतात. तीन हजार मीटरच्या वर गेलं की आदल्या रात्रीपेक्षा पाचशे मीटरहून जास्त वर झोपू नये, असा साधा नियम आहे. दिवसा वर जाऊन खाली झोपायला आलं की तो आपोआप पाळला जातो. कार्डावरची तिसरी ओळ: ‘डोकं दुखतंय आणि मळमळतंय, तर खाली. उद्या नाही, आत्ता.’ एकट्या माणसाला विरळ हवेत आपण चुकीचा निर्णय घेतोय हे कळत नाही, म्हणून निर्णय आधीच लिहिलेला हवा. उंचीच्या त्रासावरच्या गोळ्यांबद्दल निघण्याआधी स्वतःच्या डॉक्टरांशी बोला.

गाडीलाही धाप लागते. मुक्तिनाथला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम पासष्ट टक्के असतो, तेवढ्या प्रमाणात इंजिनाची ताकद उतरते. खालच्या गिअरमध्ये सावकाश चढवा, क्लच अर्धवट दाबून रेटू नका.

चौथी ओळ वाऱ्याची. एका बाजूला ८,१६७ मीटरचा धौलागिरी आणि दुसऱ्या बाजूला ८,०९१ मीटरचं अन्नपूर्णा, त्यांच्यामधून ही नदी वाहते. ऊन चढलं की वरचं मुस्ताङचं पठार तापतं, तिथली हवा वर उठते आणि तिची जागा घ्यायला दक्षिणेकडची हवा या अरुंद खोऱ्यातून घुसते. दहा-अकराला सुरुवात होते आणि संध्याकाळपर्यंत जोर राहतो. जोमसोमची विमानं सकाळीच उडतात ती याचसाठी. चढताना वारा पाठीवर असतो म्हणून त्याचा अंदाज येत नाही. परतताना तो समोरून येतो, तोंडावर वाळू मारतो, आणि वळणावर बाजूनं आला तर गाडी हातभर सरकवतो. मार्फा ते मुक्तिनाथ या टप्प्यात मी सहाला निघते आणि अकराला गाडी उभी करते. मार्फ्यात अडकलं तर वाईट नाही. पांढऱ्या घरांचं, दगडी बोळांचं गाव आहे, आणि सफरचंदं तिथलीच.

ओढे ओलांडायचे तेही सकाळी. दुपारी बर्फ वितळून पाणी वाढतं. गाडी अलीकडं उभी करा, आधी पायी चालून बघा. पाणी गुडघ्याला आलं तर थांबा, मागून जीप किंवा ट्रॅक्टर येऊ द्या, त्याची चाकं कुठून गेली ते पाहा. मग पहिला गिअर, एकसारखा ॲक्सिलरेटर, नजर पलीकडच्या काठावर. मध्येच क्लच दाबायचा नाही आणि खाली पाण्याकडं बघायचं नाही. पलीकडं गेलं की ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून सुकवा.

गाडी पडली तर

पडणारच. कधी, हे तेवढं माहीत नसतं. दुसऱ्या खेपेला घासा नावाच्या गावाच्या अलीकडं चढावर चिखलात माझं मागचं चाक सरकलं आणि गाडी डोंगराच्या बाजूला आडवी झाली. मी बाजूला उभी, धडधाकट. पण हात थरथरत होते आणि पहिली इच्छा झाली ती धावत जाऊन गाडी उचलायची. तसं करू नका.

आधी किल्ली बंद. पेट्रोल गळतंय का ते बघा. मग दोन मिनिटं बसा, पाणी प्या, हातपाय, मान, बरगड्या चाचपून पाहा, कारण भीतीच्या भरात दुखणं कळत नाही. हेल्मेट काढून रस्त्यात मागच्या बाजूला दिसेल असं ठेवा. सामान सोडवा. गाडी गिअरमध्ये टाका. उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडा. हँडल जमिनीच्या दिशेला पूर्ण वळवा, गाडीकडं पाठ करून सीटला टेका, गुडघ्यात वाका, एका हातानं हँडलची खालची मूठ, दुसऱ्या हातानं मागचा दांडा धरा आणि पाठ ताठ ठेवून पायांनी मागं रेटत छोटी छोटी पावलं टाका.

माझी त्या चिखलात नाही उचलली गेली, पाय ठरत नव्हते. वीस मिनिटांनी खच्चरं घेऊन एक दाइ खाली आले. त्यांनी गाडीला हात लावण्याआधी पायातला चप्पलेचा पट्टा आवळला, रस्त्याकडेचे चार चपटे दगड आणून माझ्या पायांखाली रचले आणि मग म्हणाले, ‘अब उठाउनुस्।’ उठली. चिखलात आधी पायाखाली दगड रचायचे, हे मी त्यांच्याकडून शिकले आणि तेव्हापासून विसरले नाही. क्लचची लिव्हर मोडली होती, ती तिथंच बदलली. त्या दिवशी पुढं गेले नाही. कार्डावर लिहिलंच आहे: ‘पडलो त्या दिवशी पुढचं पहिलं गाव म्हणजे मुक्काम.’ घासाच्या लॉजवरच्या दिदींनी गरम पाण्याची बादली दिली, आणि खरं अंग दुखायला लागलं ते रात्री आठनंतर.

राहणं, आणि घरच्यांना कळवणं

लॉज बघताना खोली आतून नीट बंद होते का आणि गाडी आवारात ठेवता येते का, एवढं पाहा. जिथं घरातली बाई चुलीपाशी आहे तिथं मी राहते, माझा अनुभव चांगला आहे. वाटेत कुणी विचारलं तर ‘मागून लोक येतायत’ असं सांगायला संकोच करू नका, आणि आजचा मुक्काम कुठं हे अनोळखी माणसाला सांगू नका.

घरी एकाच माणसाशी ठरवा: सकाळी निघताना कुठून कुठं जाणार तो निरोप, पोचल्यावर दुसरा. रेंज नसणारच, म्हणून मुदतही ठरवा. आमच्या घरी ती दुसऱ्या दिवशी दुपारी बाराची आहे. तोवर निरोप नाही आला तर आधी शेवटच्या लॉजला फोन, मग ११४४. अशी मुदत ठरवली नाही तर घरचे पहिल्या संध्याकाळीच घाबरतात, किंवा तिसऱ्या दिवसापर्यंत स्वस्थ बसतात.

मुक्तिनाथ आणि परत

राणीपौव्याला गाडी लावून पुढचा चढ पायी. हळू चाला, दम लागतो. १०८ धारांचं पाणी बर्फासारखं असतं. अंघोळ करायची तर अंग पुसायचं आणि कोरडे कपडे आधी हाताशी ठेवा, ओल्या अंगानं वाऱ्यात उभं राहू नका. खडकातून निघणाऱ्या वायूवर तेवणारी ज्योत जवळच्याच ज्वालामाईच्या देवळात आहे. हिंदू आणि बौद्ध दोघंही इथं डोकं टेकतात. आपल्या देवघरातला शाळिग्राम याच नदीतला. तो समुद्रातल्या एका प्राचीन जीवाच्या शंखाचा दगड झालेला ठसा, कारण हिमालय उभा राहण्याआधी इथं टेथिस समुद्र होता. देवघरात वर्षानुवर्षं पाहिलेली ती वस्तू ज्या पात्रातून आली ते पात्र डोळ्यांसमोर पसरलेलं बघून मी बराच वेळ नुसती उभी राहिले होते.

उतरताना सगळ्यात जास्त सांभाळा. देव झाला, आता घरी, असं मन म्हणत असतं आणि हात सैल पडतात. उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवा, इंजिनाच्या जोरावर उतरवा, ब्रेक सतत दाबून धरू नका, तापले की पकडत नाहीत. पोखऱ्यात पुन्हा एक पूर्ण दिवस काढा.

परतीच्या दिवशी सीमेवर दुपारच्या आत पोचा. आलो त्याच नाक्यावरून बाहेर पडलात तर विचारपूस कमी. भन्सार कार्यालयासमोर थांबून गाडी बाहेर गेल्याची नोंद करून घ्या, पावतीचं जे काय करायचं असेल ते त्यांना विचारूनच करा. तशीच कमान ओलांडून आलात तर कागदावर तुमची गाडी आतच राहते, आणि पुढच्या खेपेला तो हिशेब निघतो. मग उरलेले नेपाळी रुपये बदलून घ्या, विमा आणि आरसी आतल्या खिशातून पुन्हा पाकिटात ठेवा, घरी निरोप पाठवा, आणि घड्याळ पंधरा मिनिटं मागं करा.